मदत हवी आहे: मंडळाची वर्गणी सुदानला कशी पाठवायची?

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम उरलीय. ती सुदानमधल्या भुकेल्या मुलांसाठी द्यायचं ठरतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून विषय डोक्यात आहे. काकू म्हणतात, पोहे-शेव पाठवू! (इंदूरकर, दुसरं काय.) पण अतिकुपोषित मुलांना तिथे शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट देतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी कालवायला नको. म्हणून मी पैशांच्याच बाजूने. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रमही ऐच्छिक देणग्यांवरच चालतो. पण मंडळाच्या खात्यातून परदेशी संस्थेला पैसे देता येतात का? परवानगी लागते? की प्रत्येकाने आपापलं द्यावं? कुणी केलं असेल तर सांगा ना, रविवारी बैठक आहे.