मत कुठे आहे?

बी-२०३ वहिनी, रात्री ८:१२
सर्वांना नमस्कार. हा विषय सोसायटीच्या कामकाजाचा नाही, याची मला कल्पना आहे. तरीही विचारते, कारण घरात दोन दिवस याच एका गोष्टीवरून रडारड चालू आहे. मुलीने ‘शाळेत मोबाइलवर बंदी असावी का?’ या विषयावर ६०० शब्दांचा वैचारिक निबंध लिहिला होता. अक्षर सुरेख, शुद्धलेखन निर्दोष, सुविचार भरपूर. तरी वही परत आली आणि खाली लाल शाईत एवढेच लिहिलेले होते : ‘माहिती पुष्कळ आहे. मत कुठे आहे?’ सोमवारी निबंध पुन्हा द्यायचा आहे. मत मांडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. तिचे बाबा बंदीच्या विरोधात आहेत, त्यामुळे घरी मदत होण्याऐवजी वादच वाढतो.

सी-४०२ काका, रात्री ८:१६
वहिनी, उत्तर सरळ आहे. पहिल्याच ओळीत आपले मत आले पाहिजे. बंदी असावी किंवा नसावी, एकदा सांगून टाकावे. वाचणाऱ्याला दोन पाने ताटकळत ठेवू नये.

बी-१०४ दादा, रात्री ८:१९
वहिनी, पहिला परिच्छेद येथे पाठवता का? तो पाहिल्याशिवाय बोलणे बरोबर नाही.

बी-२०३ वहिनी, रात्री ८:२३
‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. मोबाइल ही काळाची गरज बनली आहे. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, त्याप्रमाणे मोबाइलचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत. मोबाइल शाप की वरदान, हे आपल्या वापरावर अवलंबून आहे.’

ए-१०१ सर, रात्री ८:३१
वहिनी, यात मुलीचा दोष फार थोडा आहे. अशा सुरुवातीला आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे गुण दिले आहेत. आता हा परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. ‘मोबाइल’ हा शब्द काढून तेथे ‘दूरचित्रवाणी’ किंवा ‘इंटरनेट’ घातले, तरी एकही वाक्य चुकीचे ठरत नाही. जो परिच्छेद कोणत्याही निबंधाला चालतो, तो या निबंधाचा नसतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रश्न विचारला आहे बंदीविषयी आणि उत्तर दिले आहे मोबाइलविषयी. बंदी हा एक नियम आहे. तो कोणी करायचा, कोणासाठी, किती वेळासाठी आणि न केल्यास काय बिघडते, एवढेच येथे विचारलेले आहे. मोबाइलचा शोध, त्याचे उपयोग, त्याचे दुष्परिणाम ही सारी माहिती खरी असली, तरी या प्रश्नाच्या अंगणाबाहेरची आहे.

सी-४०२ काका, रात्री ८:३४
मी तेच म्हणत होतो. पहिल्या ओळीत मत हवे.

सी-३०३ काकू, रात्री ८:३८
सरांचे म्हणणे पटते. मात्र गेल्या वर्षी आपल्याच निबंधस्पर्धेत ‘आजचे युग’ याच शब्दांनी सुरू होणाऱ्या निबंधाला पहिला क्रमांक मिळाला होता आणि परीक्षक कोण होते, हे सर्वांना आठवत असेल. त्या वेळी ज्या मुलाने स्पष्ट भूमिका घेतली होती, त्याला ‘भाषा रुक्ष आहे’ असा शेरा मिळाला. हे मी केवळ विषय निघाला म्हणून लिहीत आहे.

ए-१०१ सर, रात्री ८:४६
परीक्षक मी होतो आणि माझा तो निर्णय चुकला. त्या निबंधात भाषेचा फुलोरा होता. मुद्दा एकही नव्हता. आपल्या मुलाच्या निबंधात तीन कारणे होती आणि तिन्ही तपासण्याजोगी होती. हे तेव्हाच सांगायला हवे होते. ते आज सांगतो.

सचिव, रात्री ८:४८
कृपया जुने निकाल, तसेच लिफ्टच्या अर्जाचा विषय येथे आणू नये. वहिनींच्या प्रश्नावरच बोलावे.

ए-३०५ वकीलताई, रात्री ८:५५
सचिव महोदय, लिफ्टचा अर्ज नेमका येथेच आठवायला हवा. त्या अर्जाचा मसुदा मी लिहिला होता आणि तो फसला, कारण तो वरच्या मजल्यांवरच्या लोकांना आवडेल असा लिहिलेला होता. ते तर आधीपासूनच आमच्या बाजूचे होते. पटवायचे होते तळमजल्यावरच्या सभासदांना, ज्यांना लिफ्टचा काडीचा उपयोग नाही आणि वर्गणी मात्र द्यायची आहे. त्यांच्या अडचणीबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. निबंधाचेही असेच आहे. लिहायला बसण्यापूर्वी समोर एक माणूस आणून बसवावा, ज्याचे मत आपल्या उलट आहे, पण जो ऐकून घ्यायला तयार आहे. प्रत्येक परिच्छेद त्याला उद्देशून लिहावा.

बी-००२ आजोबा, रात्री ९:०२
तळमजल्यावरून लिहीत आहे. ताईंचे आजचे शब्द त्या वेळी अर्जात असते, तर सभेत निदान आमचा आवाज चढला नसता. असो. ताई ज्याला समोर बसवा म्हणतात, त्याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणत. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की विरोधकानेही ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ अशी मान डोलवावी. त्यानंतरच उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपले उत्तर. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्व समजून घेण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडण्यासाठी केलेली ती वितंडा. मुलीला सांगा, तिला वाद करायचा आहे.

सी-४०२ काका, रात्री ९:०५
हे सर्व उत्तम आहे, पण पुन्हा एकदा नम्रपणे लिहितो की पहिल्या ओळीत मत आले पाहिजे. विरोधकाचे म्हणणे आधी लिहिले, तर तपासणाऱ्याला तेच तुमचे मत वाटेल.

ए-३०५ वकीलताई, रात्री ९:११
काका, आपण एकच संदेश तिसऱ्यांदा पाठवला आहे. वाचक विरोधी मताचा असेल, तर पहिल्याच ओळीत त्याच्या तोंडावर दार आपटण्यात काय शहाणपण आहे?

सी-४०२ काका, रात्री ९:१३
तिसऱ्यांदा लिहावे लागले, कारण दोनदा लिहूनही कोणी उत्तर दिले नाही.

ए-१०१ सर, रात्री ९:२२
दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, फक्त दोघे दोन वेगळ्या कागदांबद्दल बोलत आहात. कच्च्या कागदावर पहिली ओळ मताचीच हवी, यात काकांशी मी पूर्ण सहमत आहे. ते एक वाक्य जमत नसेल, तर निबंध लिहायला घेऊच नये, कारण आपल्यालाच अजून काय म्हणायचे आहे ते ठरलेले नसते. पक्क्या कागदावर मात्र ते वाक्य कोठे ठेवायचे, हे वाचक पाहून ठरवावे. परीक्षेतील निबंधात ते पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी आले, तर तपासणारा चुकत नाही आणि विरोधी वाचकही बिथरत नाही. त्या वाक्याची कसोटीही सोपी आहे. एखाद्या समंजस माणसाला त्याच्या उलट म्हणता आले पाहिजे. ‘मोबाइलचा अतिवापर वाईट आहे’ हे मत नव्हे, कारण त्याच्या विरोधात कोणीही उभा राहणार नाही.

सी-४०२ काका, रात्री ९:२४
एवढे मान्य झाले, तर माझा आग्रह नाही.

सी-२०१ (शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी), रात्री ९:३०
वहिनी, मताला पुरावाही लागेल, तो मी देतो. इंग्लंडमधील ९१ शाळांच्या अभ्यासावरून २०१५ मध्ये असा निष्कर्ष निघाला की फोनवर बंदी घातलेल्या शाळांत परीक्षेचे गुण वाढले. हे एक वाक्य घातले की बंदी असावी हे सिद्धच होते.

ए-१०१ सर, रात्री ९:४३
अभ्यास खरा आहे, पण ‘सिद्धच होते’ येथे थांबावे लागेल. त्याच अभ्यासात असेही आढळले होते की वाढ प्रामुख्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांची झाली आणि हुशार मुलांच्या गुणांत म्हणावा तसा फरक पडला नाही. पुढे २०२० मध्ये स्वीडनमध्ये तशीच पाहणी झाली, तेव्हा बंदीमुळे गुणांवर काहीही परिणाम दिसला नाही. आता मुलीपुढे तीन वाटा आहेत. स्वीडनचा अभ्यास लपवायचा, दोन्ही अभ्यास सोडून द्यायचे किंवा आपले मत पुराव्याच्या मापाचे करून घ्यायचे. पहिली वाट अप्रामाणिक आहे आणि जाणकार वाचक ती लगेच पकडतो. दुसरी भित्री आहे. तिसऱ्या वाटेने गेल्यास मत असे होते : ‘बंदीमुळे सर्वांचे गुण वाढतील असे नाही, पण ज्यांचे लक्ष सहज विचलित होते, त्यांना वर्गात सावरण्याची संधी मिळते.’ हे विधान आधीच्यापेक्षा लहान आहे आणि म्हणूनच खोडून काढायला अवघड आहे. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द जितके कमी, तितके आपले घर पक्के.

सी-२०१ (शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी), रात्री ९:४७
सर, दुसऱ्या अभ्यासाबद्दल मी वाचलेले नव्हते. मी स्वतःही महाविद्यालयात अर्धाच पुरावा दिला होता, हे आता लक्षात आले.

बी-००२ आजोबा, रात्री ९:५५
डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हा जुना दाखला सर्वांना ठाऊक आहे. त्यात एक बारकावा आहे. प्रतिज्ञा म्हणजे आपले म्हणणे आणि हेतू म्हणजे त्याचे कारण, एवढ्यावर काम भागत नाही. ‘जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी’ हा दुवा उदाहरणासह सांगावा लागतो, आणि या डोंगरावरचा धूर तशाच प्रकारचा आहे, हेही दाखवावे लागते. त्यालाच उपनय म्हणतात. मुले मत लिहितात, खाली आकडा लिहितात आणि मधला दुवा वाचकावर सोडतात. गुण वाढले म्हणून बंदी असावी, असे म्हणताना गुण वाढवणे हेच शाळेचे मुख्य काम आहे, हे गृहीत धरलेले असते. तिच्या बाबांना नेमके तेच मान्य नसेल. मग आकडा कितीही मोठा असला, तरी ते जागचे हलणार नाहीत.

बी-२०३ वहिनी, रात्री १०:०१
आजोबा, अगदी हेच घडते आहे! ते म्हणतात, ‘शाळा गुणांसाठी नसते, स्वतःला आवरायला शिकण्यासाठी असते. फोन काढूनच घेतला, तर मुले आवरायला शिकणार कधी?’

ए-३०५ वकीलताई, रात्री १०:०६
वहिनी, हा पूर्वपक्ष कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता. मूळ निबंधात विरोधी बाजू कशी मांडली आहे?

बी-२०३ वहिनी, रात्री १०:०८
‘काही जण म्हणतात की मुलांना मोबाइल हवाच, परंतु हे म्हणणे चुकीचे आहे.’ एवढेच आहे.

ए-३०५ वकीलताई, रात्री १०:१५
हे गवताचे बुजगावणे झाले. ते पाडून काहीच मिळत नाही. खऱ्या हरकती तीन आहेत. एक, बाबा म्हणतात ती, म्हणजे संयम शिकण्याची. दुसरी, अडीअडचणीला घरच्यांशी संपर्क कसा करायचा, ही. तिसरी आजारी किंवा अपंग विद्यार्थ्यांची, कारण काहींचे उपकरण फोनलाच जोडलेले असते. फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने शाळांत फोनवर बंदी घातली, तेव्हाही अभ्यासातील उपयोग आणि अपंग विद्यार्थी यांच्यासाठी सवलत ठेवली होती. म्हणून तिसरी हरकत सरळ मान्य करावी आणि मतातच तो अपवाद घालावा. दुसरीला शाळेच्या कार्यालयातील दूरध्वनीचे उत्तर देता येते. पहिलीला मात्र पूर्ण परिच्छेद द्यावा, कारण खरा कस तेथेच लागणार आहे. तिन्ही हरकती सारख्याच लांबीत उरकल्या, तर निबंध पुन्हा माहितीची यादी होईल.

सी-३०३ काकू, रात्री १०:२०
सर्वांनी तर्काचेच सांगितले. भावनेला काही जागा आहे की नाही? नुसत्या युक्तिवादाने कोणाचे मन वळलेले मी पाहिलेले नाही.

बी-१०४ दादा, रात्री १०:२३
काकू, भावना आली की निबंधाचे भाषण होते. ‘अरेरे, ही कोवळी पिढी कोठे चालली आहे!’ अशी वाक्ये वाचून मला तरी लेखकाचा संशयच येतो.

ए-१०१ सर, रात्री १०:३२
काकूंचा प्रश्न योग्य आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन साधने सांगितली : बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या मनातील भावना आणि युक्तिवाद. त्याने भावना वगळली नाही. दादा ज्याला कंटाळले आहेत ती भावना नव्हे, ते उद्गारचिन्ह आहे. मुलीला एक प्रसंग लिहायला सांगा. गणिताच्या तासाला शेजारच्या बाकावरचा फोन थरथरला, तिने फक्त एकदा वळून पाहिले आणि फळ्याकडे परत पाहिले, तेव्हा दोन पायऱ्या पुसल्या गेल्या होत्या. यात एकही भडक विशेषण नाही, तरी त्या हरवलेल्या पायऱ्या वाचकाला स्वतःच्या वाटतात. मात्र एक प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे. प्रसंगाने वाचकाला प्रश्नापाशी आणावे आणि मग पुराव्याने हात धरावा.

सी-३०३ काकू, रात्री १०:३५
धन्यवाद, सर. आता मनात काही नाही.

सचिव, रात्री १०:३८
वेळेचे कोणीच सांगितले नाही. सोमवारपर्यंत दोनच दिवस आहेत.

ए-१०१ सर, रात्री १०:४४
पहिला दिवस निबंधाला हात लावू नये. एका कागदावर मताचे वाक्य, खाली आपली कारणे, समोर हरकती आणि प्रत्येक हरकतीला ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढा एक शेरा. सर्वांत बळकट कारण शेवटी ठेवावे. कच्चे कारण सरळ गाळावे, कारण विरोधक नेमके तेच उचलतो. दुसऱ्या दिवशी एका बैठकीत लिहून काढावे. नंतर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे मोठ्याने वाचावे. तेवढ्याच वाक्यांतून युक्तिवाद सलग कळत असेल, तर क्रम बरोबर आहे.

बी-२०३ वहिनी, रात्री ११:२१
तिने माझ्या शेजारी बसून सर्व संदेश वाचले आणि नवा परिच्छेद लिहिला आहे. जसाच्या तसा पाठवते.

‘गणिताच्या तासाला माझ्या मैत्रिणीचा फोन थरथरला. मी एकदाच वळून पाहिले आणि फळ्यावरची एक पायरी माझ्या वहीत कधीच आली नाही. फोन माझा नव्हता, तो वापरण्याचा निर्णयही माझा नव्हता. स्वतःला आवरायला शिकावे, असे मोठी माणसे म्हणतात आणि ते खरे आहे. पण दुसऱ्याच्या फोनपुढे माझा संयम कितीसा पुरणार? म्हणून ज्यांना प्रकृतीच्या कारणाने फोन लागतो ते विद्यार्थी वगळता, वर्गाच्या वेळेत सर्वांचे फोन शाळेने जमा करून घ्यावेत, असे माझे मत आहे.’

सी-४०२ काका, रात्री ११:२४
मत शेवटच्या ओळीत आले आहे आणि तेथेच शोभते आहे.

ए-१०१ सर, रात्री ११:२९
‘फोन माझा नव्हता’ हे वाक्य आम्हा कोणालाही सुचले नव्हते. संयमाच्या हरकतीचे अर्धे उत्तर त्यातच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी बाबांचे म्हणणे नीट ऐकावे लागेल. पुढे लिहिताना ‘वर्गाच्या वेळेत’ हे शब्द मात्र गळू देऊ नयेत. मधल्या सुट्टीबद्दल तिने काहीही म्हटलेले नाही.

बी-२०३ वहिनी, रात्री ११:३३
सांगितले. तिने आताच बाबांना समोर खुर्चीवर बसवले आहे आणि ते बोलत आहेत ते एकेक वाक्य ती लिहून घेत आहे.