मिनेसोटाच्या उत्तरेकडील तलावांच्या प्रदेशात तंबू घेऊन जाण्याविषयी

प्रश्न: आम्ही पाच मित्र मिनियापोलिसहून मोटारीने निघून, सुपीरियर सरोवराच्या किनाऱ्याने जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या मार्गाने ग्रँड मरे या गावापर्यंत आणि तिथून गनफ्लिंट मार्गाने आत जाणार आहोत. कोणता काळ निवडावा आणि तंबूची जागा आधी राखून ठेवावी का?

प्रतिसाद १: जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ निवडावा. गूजबेरी फॉल्ससारख्या राज्य उद्यानांतील जागा १२० दिवस आधी खुल्या होतात आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. पेट्रोल मात्र ग्रँड मरेतच पूर्ण भरून घ्यावे.

प्रतिसाद २: गनफ्लिंट मार्गालगतच्या बाउंड्री वॉटर्स या तलावांच्या संरक्षित रानात कनूने (वल्ह्यांच्या अरुंद होडीने) मुक्कामी जायचे असल्यास १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रवेशाचे ठिकाण आणि तारीख ठरवून परवाना घ्यावा लागतो, गटात नऊपेक्षा अधिक माणसे चालत नाहीत. तिथे काळी अस्वले आहेत, त्यामुळे खाद्यपदार्थच काय, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवू नये.

प्रतिसाद ३: कृपया सरपण घरून नेऊ नका. त्यातून ॲश वृक्ष पोखरून मारणारा कीटक नव्या जंगलात पोहोचतो. ते मुक्कामाजवळच विकत घ्यावे.