विषय: टेक्ससमधली हायस्कुलं, त्यांचा पट आणि ५ए-६एचा हिशेब

प्रेषक: अ. दे., मकिनी

नमस्कार मंडळी,
घर बघणाऱ्या कुटुंबांचे तेच तीन प्रश्न यादीवर वारंवार येताहेत. शालेय स्पर्धांसाठी शाळांचे १ए ते ६ए असे वर्ग पाडतात, त्यात ६ए म्हणजे ५एपेक्षा चांगली शाळा का? फ्रिस्को एवढं वाढलं, तरी तिथल्या शाळा ५एमध्ये कशा? आणि मूल शिकत असताना शाळेचा वर्ग बदलला तर काय होतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी नव्या मंडळींना हाच धागा पाठवता येईल.

---

प्रेषक: वि. स., फ्रिस्को

ताई, पहिल्याचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. वर्ग निव्वळ पटसंख्येवर ठरतो. शिकवणं, निकाल, मैदान, यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी राज्यभर पट मोजतात, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. नववी ते बारावीची सगळी मुलंमुली त्यात येतात, खेळणारी असोत वा नसोत. विषम वर्षातला हा आकडा यूआयएल (टेक्ससमधल्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था) उचलते, पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी मांडणी जाहीर करते (२०२४ साली ती १ फेब्रुवारीला आली) आणि ती दोन शालेय वर्षं चालते. म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या पटावर २०२६च्या उन्हाळ्यापर्यंतचे सामने. भरभर वाढणाऱ्या गावात दुसऱ्या वर्षापर्यंत तो आकडा पार शिळा झालेला असतो.

२०२४च्या रेघा अशा होत्या: २,२७५ आणि वर ६ए, १,३१५ ते २,२७४ ५ए, ५४५ ते १,३१४ ४ए, २५४ ते ५४४ ३ए, १०५ ते २५३ २ए, त्याखाली १ए.

आता खरी गोम. ६एची रेघ २०१४ला २,१००वर होती. मग २,१५०, २,१९०, २,२२०, २,२२५ आणि २०२४ला २,२७५. यूआयएल आकडा आधी ठरवत नाही. शाळा पटानुसार उतरत्या क्रमाने लावते आणि वरच्या साधारण अडीचशे शाळा ६एमध्ये बसतील अशा बेताने रेघ ओढते. महानगरांच्या कडेला नवी हायस्कुलं उघडत राहिली की रेघ वर सरकते. तुमच्या शाळेत एक मूल कमी झालं नाही तरी ती खालच्या वर्गात जाऊ शकते.

फ्रिस्कोचं कोडं इथेच सुटतं. शहराची लोकसंख्या २०००च्या जनगणनेत ३३,७१४ होती, २०२०मध्ये २,००,५०९. पण आयएसडीने (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या शाळा-जिल्ह्याने) हायस्कुलाचा पट २,१००च्या आसपास रोखायचं धोरण ठेवलं आणि गरज पडेल तशी नवी शाळा बांधली. आता बारा हायस्कुलं आहेत. गंमत बघा, २०१४च्या रेघेनुसार भरलेली शाळा अगदी ६एच्या उंबऱ्यावर असती. रेघ वर गेली, मर्यादा तिथेच राहिली, म्हणून शाळा ५एमध्ये.

अ‍ॅलनने नेमका उलटा रस्ता धरला. एकच हायस्कूल, पट सात हजारांच्या घरात, आणि २०१२ साली उघडलेलं १८ हजार आसनांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम. बास्केटबॉलच्या व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) जेमतेम पंधरा जागा असतात. फ्रिस्कोत असे बारा संघ, अ‍ॅलनमध्ये एक. ज्याला खेळायचंच आहे अशा मध्यम कुवतीच्या मुलासाठी मी फ्रिस्कोची पद्धत केव्हाही बरी म्हणेन. मात्र ती महाग पडते. प्रशिक्षक, बँड डायरेक्टर, ट्रेनर, सगळं बारा वेळा. आणि पट उतरायला लागला की बारा इमारती एकदमच पोकळ व्हायला लागतात. फ्रिस्कोत ती सुरुवात झाली आहे. २०२४ अखेरीस स्टेली मिडल स्कूल बंद करायचं ठरलं.

---

प्रेषक: म. जो., प्लेनो

वि. यांच्या मजकुरात थोडी भर.

प्लेनोत हे आधीच झालं. घरं महाग, जुन्या वस्त्यांतली मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, तरुण कुटुंबं प्रॉस्पर-सेलिनाकडे. २०२४मध्ये आयएसडीने दोन प्राथमिक आणि दोन मिडल, अशा चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. तरीही तिन्ही सीनियर हायस्कुलं ६एमध्ये आहेत. इथे लोक हमखास फसतात: प्लेनोची सीनियर हायस्कुलं फक्त अकरावी-बारावीची. इमारतीतली मुलं मोजून वर्ग काढू नका. यूआयएलच्या हिशेबात त्यांना जोडलेल्या नववी-दहावीच्या शाळाही धरतात.

दुसरं, फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. २०२४च्या रेघांनुसार ३एमध्ये २५४ची शाळा आणि ५४४ची शाळा एकाच वर्गात पडतात, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. म्हणून १ए ते ५एपर्यंत फुटबॉलसाठी वर्गाचे आधीच दोन विभाग पाडतात. ६एमध्ये मात्र अख्खा मोसम सगळे एकत्र खेळतात. प्लेऑफला (बाद फेरीला) डिस्ट्रिक्टमधले, म्हणजे आपसात खेळणाऱ्या शाळांच्या गटातले, पहिले चार संघ जातात, त्यातल्या जास्त पटाच्या दोन शाळा डिव्हिजन वनला, उरलेल्या दोन डिव्हिजन टूला. त्यामुळे "आपण तिसरे आलो तरी डिव्हिजन वनला कसे?" हा प्रश्न दर नोव्हेंबरात येतो. क्रमांकाचा तिथे संबंध नसतो, पटाचा असतो.

तिसरं, वेळापत्रक. नियमित मोसमात दहा सामने. डिस्ट्रिक्टमध्ये आठ शाळा असतील तर सात सामने आपोआप ठरले, तीन बाहेरून शोधायचे. नऊ शाळा असतील तर दोनच. म्हणून मांडणी जाहीर होते त्या सकाळी प्रशिक्षक फोनला चिकटलेले असतात. ज्याला उशीर होतो त्याच्या वाट्याला लांबचा प्रवास नाहीतर राज्यातला तगडा संघ येतो.

शाळेला स्वतःहून वरच्या वर्गात खेळायची मुभा आहे. शहरातल्या बाकी शाळांबरोबर राहून प्रवास वाचवायला काही जण ती घेतात. खालच्या वर्गात जायची मुभा नाही.

---

प्रेषक: सु. का., लबक

तुम्ही सगळे डॅलसच्या कडेचं बोलताय, पश्चिमेकडचं चित्र वेगळं आहे.

अ‍ॅबिलीन घ्या. अ‍ॅबिलीन हाय म्हणजे १९५४ ते ५६ सलग तीन राज्य अजिंक्यपदं आणि ४९ सामने न हरलेली शाळा. २०२२मध्ये ती ६एमधून ५एत आली. गाव ओस पडलेलं नाही, वस्ती सव्वा लाखाची आहे. फक्त डॅलस-ह्यूस्टनच्या वेगाने वाढलं नाही आणि रेघ पुढे गेली. त्याच गावात दक्षिणेकडे नवी घरं वायली आयएसडीच्या हद्दीत झाली, आणि वायली २०१८मध्ये खालून चढून ५एत आली. एकाच गावातल्या दोन शाळा, एक वरून उतरलेली, एक खालून चढलेली, आज एकाच वर्गात.

खरी कसरत १ए-२एच्या सीमेवर. पट १०५च्या खाली गेला की शाळा १ए होते आणि तिथलं फुटबॉल म्हणजे सिक्समन, अकराऐवजी सहा-सहा जणांचं. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद. फर्स्ट डाउनला (चेंडू आपल्याकडे राखायला पुढे न्यायचं अंतर) दहा नाही, पंधरा यार्ड. सहाच्या सहा जण पास झेलू शकतात. टचडाउननंतर किक मारली तर दोन गुण, पळून किंवा पास देऊन नेलं तर एक. फील्ड गोलला चार. मध्यंतराला किंवा त्यानंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. १९३४मध्ये नेब्रास्कात स्टीफन एप्लर यांनी छोट्या शाळांसाठीच हा खेळ काढला.

अकराच्या खेळातून सहाच्या खेळात उतरताना लोकांना वाटतं खर्च अर्धा होईल. तसं होत नाही. बस तेवढीच लागते, उलट शेजारच्या १ए शाळा लांब असल्या की अंतर वाढतं. शिवाय तीच मुलं आक्रमणातही खेळतात आणि बचावातही. संघात दहा जण असतील आणि दोघं जायबंदी झाले, एक परीक्षेतल्या कमी गुणांमुळे बाहेर बसला, तर सराव घ्यायला समोर माणूस उरत नाही. उलट २ए-१एच्या रेघेवर अडून अकराचाच खेळ चालू ठेवणाऱ्या शाळेत नववीचं पोर बारावीच्या धिप्पाड मुलापुढे उभं करावं लागतं. इजा तिथे होतात. माझं मत विचाराल तर पट ११०वर आला की गावाने मनाची तयारी सुरू करावी.

---

प्रेषक: वि. स., फ्रिस्को

काका, सिक्समनचं फार उपयोगी. ताईंचा तिसरा प्रश्न राहिला होता.

शाळेचा वर्ग बदलला तर मुलाच्या पात्रतेला काही होत नाही, फक्त समोरचे संघ बदलतात. शाळा बदलली तर मात्र सांभाळा. दुसऱ्या शाळेत आधी खेळलेल्या मुलाला नव्या शाळेत व्हर्सिटी खेळण्यापूर्वी प्रीव्हियस अ‍ॅथलेटिक पार्टिसिपेशन फॉर्म भरावा लागतो. जुन्या शाळेकडूनही त्यावर सही लागते, आणि बदली खेळासाठी केली असं ठरलं तर एक वर्ष व्हर्सिटी बंद. भाडेकरार, वीजबिल, जुनं घर सोडल्याचा पुरावा आधीच जमवून ठेवा. दोन घरं चालू ठेवून एका पत्त्यावर शाळा घेतली की हमखास अडकतं.

वाढत्या गावात आणखी एक गोष्ट बघा: पुढची शाळा कधी उघडणार. प्रॉस्परमध्ये २०२०ला रॉक हिल उघडली, २०२३ला वॉलनट ग्रोव्ह. नव्या शाळेत सुरुवातीला बहुधा बारावीचा वर्ग नसतो. दहावीतलं पोर थेट व्हर्सिटीत जातं, पण मोसमभर मार खातं. घराला कोणती शाळा लागते ते सध्याच्या हद्दीवरून ठरवू नका, आयएसडीच्या बैठकीत मांडलेला पुढचा नकाशा मागून घ्या.

---

प्रेषक: म. जो., प्लेनो

एक राहिलं. हीच वर्गवारी यूआयएलच्या शैक्षणिक स्पर्धांनाही लागते: वादविवाद, स्पेलिंग, कॅल्क्युलेटर, नंबर सेन्स. नंबर सेन्समध्ये दहा मिनिटांत ८० गणितं, सगळी मनातल्या मनात सोडवायची. कागदावर फक्त उत्तर, तेही शाईने आणि खाडाखोड न करता. आपल्याकडे पाढे घोकलेल्या आजी-आजोबांना कामाला लावायची चांगली संधी आहे. मात्र शाळेत या स्पर्धांचा प्रशिक्षक आहे का ते आधी विचारा. ६एच्या अवाढव्य शाळेत कधी कधी तो नसतो, आणि २एच्या एवढ्याशा शाळेत अख्खा संघ दरवर्षी राज्यपातळीवर जातो.