वऱ्हाडी माणसाच्या आवाजातील वाचन कुठे मिळेल? सासऱ्यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका लहान गावातून लिहीत आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, ८२ वर्षांचे आहेत आणि दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाल्यामुळे गेल्या पोळ्यापासून त्यांचे वाचन पूर्ण थांबले आहे. मोतीबिंदूचे जसे शस्त्रक्रियेने निभावते तसे येथे होत नाही, गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे उपचारांविषयी मी काही विचारत नाही. प्रश्न त्यांच्या लांबलचक दुपारींचा आहे. या काही महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून काय वाचले, ऐकले आणि पाहिले, त्यातले काय रुचले आणि काय नाही, हे आधी सांगते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल.

सुरुवात मामाजींच्याच इच्छेने उद्धव शेळके यांच्या ‘धग’पासून झाली. १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचली होती आणि तिची नायिका कौतिक हिचे नाव आमच्या घरात एखाद्या दूरच्या आत्याचे असावे तसे घेतले जाते. कापूस वेचणीतून मोकळी झाले की मी ओसरीवर बसून तासभर वाचत असे. पुस्तकातले संवाद वऱ्हाडीत असल्याने जीभ अडखळत नव्हती, अडचण वेगळीच होती. सुनेने सासऱ्यांसमोर नवरा-बायकोचे भांडण मोठ्याने वाचायचे, तेही शेजारची माणसे येता-जाता ऐकत असताना, हे मला अवघड जात असे आणि पहिले तीन दिवस मी शिव्या गिळून पुढची ओळ धरत होते. चौथ्या दिवशी मामाजींनी टोकले, “सूनबाई, गाळू नोको. मले पाठ हाये थे.” त्यानंतर मी काहीही गाळले नाही आणि पुस्तक सव्वा महिन्यात संपले.

मला रोज वेळ मिळत नाही म्हणून मुलाने एका ॲपवर काही वऱ्हाडी कथा लावून दिल्या. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, उच्चारही स्वच्छ होते. पण ‘काहून’ आणि ‘कायले’ हे शब्द तो चिमट्यात धरून बाजूला ठेवल्यासारखे उच्चारत होता, ‘डोया’ म्हणताना डोळ्याचा ळ मध्येच डोकावत होता, आणि आमच्याकडे वाक्याचा शेवट जिथे लांबतो नेमके तिथे तो तोडत होता. मामाजींनी दहा मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “साजरं वाचते पोट्टं, पण पाव्हणं वाटते.” मोबाइलमधला यांत्रिक वाचक बातम्यांपुरता त्यांनी चालवून घेतला आहे, गोष्टीसाठी तो नको म्हणतात.

याउलट तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ कोणीही वाचली तरी त्यांना चालते. माझा समज असा झाला आहे की ओवीची चाल बोलीतला फरक झाकून टाकते, गद्यात मात्र तो लगेच उघडा पडतो. तिच्या ४१ अध्यायांपैकी रोज थोडे सकाळी लावून ठेवतो. रेडिओही चालू असतोच.

‘लीळाचरित्रा’चा अनुभव अनपेक्षित होता. म्हाइंभटांनी हे लेखन रिद्धपूरला, म्हणजे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच केले, एवढ्या अभिमानावर मी ते हाती घेतले आणि जुन्या भाषेमुळे दोन दिवसांत ठेवून द्यावे लागेल असे धरून चालले होते. पण एकेक लीळा इतकी आटोपशीर आहे की चहा होईपर्यंत एक वाचून होते, आणि जिथे मी शब्दाला अडते तिथे कधी कधी मामाजीच अर्थ सुचवतात. त्याच ओघात महानुभावांच्या दृष्टान्तपाठातील हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त समोर आला, तेव्हा मी पान उलटायच्या विचारात होते. माझे थांबणे त्यांच्या लक्षात आले, कारण विचारले, मी सांगितले आणि त्यांनी तो दृष्टान्त दोनदा वाचून घेतला. वर त्यांचा शेरा असा होता की त्यातल्या कोणी एकमेकांना विचारले असते तर हत्ती पूर्ण झाला असता.

पाहण्याच्या बाबतीत मी पाहते आणि ते ऐकतात. ‘देवकीनंदन गोपाला’ हा १९७७ चा चित्रपट त्यांना सर्वांत भावला. गाडगेबाबांचे कीर्तन त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ऐकले होते, डॉ. श्रीराम लागूंचा आवाज तसा नाही, पण लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची तऱ्हा तशीच आहे, असे ते म्हणाले. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. त्यात अलका नवऱ्याच्या काळजीने लहान मुलालाच बापाच्या मागे पाळतीवर पाठवते, त्या ठिकाणी मी काय दिसते आहे हे सांगू लागले तर त्यांनी हातानेच मला थांबवले. चित्रपट संपल्यावर “पुन्हा लावू नोको” एवढेच म्हणाले. तेव्हा शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचे काही कृपया सुचवू नये. ते वाईट असते म्हणून नव्हे, आमच्या घरी ते नको आहे म्हणून.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे चित्रीकरण वडसाकडच्या एका नातलगाने पाठवले होते. बोली झाडीची, आमच्याहून वेगळी, आणि नाटक रात्रभराचे. तरी मामाजींनी ते चार दुपारींत पुरवून ऐकले. मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा तो आवाज चित्र नसतानाही पुरतो, असे मला दिसले.

आता विचारायचे ते असे. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसानेच वाचलेले वऱ्हाडी गद्य, कथा असो वा आठवणी, कोणाच्या ऐकण्यात आहे काय? विनोदी वऱ्हाडी कार्यक्रम भरपूर मिळतात, पण त्यांत बोली हसण्यासाठी वापरलेली असते आणि मामाजी त्याला कंटाळले आहेत. तसे वाचन नसेलच तर मी स्वतः ‘धग’ पुन्हा वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा विचार करत आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिबाधितांसाठी अशी प्रत करण्यास मुभा दिली आहे आणि ती घराबाहेर जाणार नाही. ध्वनिमुद्रण मोबाइलवरच करायचे आहे. टिनाच्या घरात आवाज घुमतो आणि बाहेर कोंबड्या आहेत, तर कोणी असे केले असल्यास खोली, वेळ आणि एका फाइलची लांबी किती ठेवली ते सांगावे.

दुसरे, दृष्टिबाधितांच्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात कोणी घरच्या वृद्ध माणसाचे नाव नोंदवले आहे काय, आणि तेथे मराठीतले कथात्मक साहित्य कितपत हाती लागते? डेझी प्लेयर नावाचे यंत्र जिथे ऐकणे थांबवले तिथूनच पुढे सुरू होते असे वाचले आहे. मामाजींना स्पर्शपडदा जमत नाही, बोटाला कळणारी बटणे हवीत. मेमरी कार्डाच्या साध्या रेडिओवर हे साधते का, तेही कळवावे.

दुवे देताना उतरवून ठेवता येतील असेच द्यावेत. गावात नेटवर्क टिकत नाही. मी आठवडी बाजाराला दारव्ह्याला जाते, तेव्हाच फाइली उतरवून आणते आणि उत्तरेही तेव्हाच लिहू शकेन.