मदत हवी आहे: बेलफास्टमध्ये महिला विश्वचषकाच्या बोलीसाठी पाठिंबा कसा मागू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पश्चिम बेलफास्टमध्ये राहतो. मुलगी दहा वर्षांची, दर शनिवारी फुटबॉल खेळते. पुढच्या आठवड्यात तिच्या क्लबच्या पालकसभेत मला पाच मिनिटं बोलायचंय आणि सुरुवात कशी करावी तेच सुचत नाहीये.

2035 च्या महिला फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदासाठी ब्रिटनने जी बोली मांडली आहे, तिच्यात उत्तर आयर्लंडचं एकच मैदान आहे, विंडसर पार्क. बोलीच्या पाठीशी आम्ही आहोत असं पत्र सगळ्या पालकांच्या सहीनं जावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण आमच्या भागात आधी केसमेंट पार्कचं दुखणं निघतं.

केसमेंट आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. गेलिक, म्हणजे आयरिश पारंपरिक खेळांचं मैदान, 2013 पासून बंद. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडला युरो 2028 चं, म्हणजे पुरुषांच्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचं, यजमानपद मिळालं, तेव्हा बेलफास्टचे सामने इथे व्हायचे होते. विंडसर पार्कात साधारण 18,500 माणसं मावतात, युरोला निदान 30,000 लागतात. म्हणून इथे 34,500 चं नवं मैदान उभं राहणार होतं. वर्षानुवर्षं फाटकाच्या फटीतून आम्हाला पायऱ्यांवर माजलेलं गवतच दिसायचं. 2024 मध्ये आत यंत्रं शिरली, तेव्हा शाळेतून येताना मुलगी रोज फाटकाला नाक लावून उभी राहायची. सप्टेंबरमध्ये लंडनच्या सरकारनं कळवलं की खर्च 18 कोटी पौंडांवरून 40 कोटींच्या वर जाऊ शकतो, काम वेळेत होणार नाही, पैसे देता येणार नाहीत. बेलफास्टचं नाव गळालं. त्या दिवशी तिला काय सांगावं ते मला कळेना.

पैशाचं खरंच आहे. पण सगळा प्रांत एका सुरात मागत होता असंही नव्हतं. केसमेंट आयरिश राष्ट्रवादी वस्तीत, आणि उत्तर आयर्लंड संघाचे पुष्कळ चाहते ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे. आपला संघ तिथे खेळणार हे त्यांच्यातल्या अनेकांना रुचलं नाही. त्याआधी शेजारचे रहिवासी कोर्टात गेले होते आणि 2014 मध्ये पहिली बांधकाम परवानगी रद्द झाली होती. (घराशेजारी एवढं मोठं बांधकाम येणार म्हटल्यावर त्यांनी दाद मागितली, यात मला काही गैर वाटत नाही.)

आता पारडं उलटं फिरलंय. विंडसर पार्क ‘त्यांच्या’, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्यांच्या वस्तीत. परवा सरावाच्या वेळी एक बाबा मला म्हणाले, “आमच्या मैदानाच्या वेळी ते कुठे होते?” मी गप्प बसले. मुलीच्या संघात दोन्हीकडच्या मुली आहेत, बुटांच्या नाड्या एकमेकींच्या बांधतात. 2035 ला त्या विशीत असतील.

तर मदत अशी हवी आहे. 2017 चा कुमार विश्वचषक नेरूळला किंवा मडगावला ज्यांनी जवळून पाहिला, त्यांनी सांगा: सामने संपल्यावर आसपासच्या मुलामुलींना खेळायला मैदानं मिळाली का? ग्लासगो, कार्डिफकडचे कोणी असाल तर तिथे लोकांना कुठला मुद्दा पटला? आणि बाहेरून आलेल्या माझ्यासारखीनं केसमेंटचा विषय आधी स्वतःच काढावा, की कोणी विचारेपर्यंत थांबावं?

सभा गुरुवारी संध्याकाळी आहे.