वेग २० ने वाढवला तर खरंच काही बिघडत नाही?
'गाडी नवी, हात सराईत, मग ताशी १०० किलोमीटरऐवजी १२० ने काय बिघडतं? वेगमर्यादा फक्त दंड उकळायला' हे काहींचं मत मला अजिबात पटलं नाही. सराईत माणसाचाही पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर जातोच. १०० च्या वेगाला तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते! १२० ला नुसतं ब्रेकचं अंतर ४४ टक्क्यांनी वाढतं, ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. मिळतं काय? ५० किलोमीटरला ५ मिनिटं.

एकदा रात्री पुढे ट्रक उभा होता, मागचे दिवे बंद. मी ८० वर होतो म्हणून त्याचा फाळका आणि माझा बंपर यांत हातभर जागा उरली. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

एक तक्रार मात्र रास्त आहे: वेग कमी करायची पाटी वळणाच्या तोंडाशी नको, बरीच आधी हवी.