विषय: ई-अंक – कवितेएवढंच पान कसं करायचं?

प्रेषक: अंक समिती

नमस्कार मंडळी,
छापील अंक लेटर आकारातच राहील, प्रश्न ई-अंकाचा आहे. फोनवर आठ ओळींची कविता उघडली की खाली पाऊण पान कोरं, आणि लेख मात्र पाच पानांत तुटलेला. टाइपस्टमध्ये (आज्ञा लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मजकुराप्रमाणे पानाची उंची आपोआप ठरते असं कळलं. व्हॉट्सॲपसाठी चित्रंही त्यातूनच काढायची आहेत. नेमकं काय करायचं?

प्रेषक: वेब समिती

ताई, फाइलच्या सुरुवातीला ‘सेट पेज’मध्ये विड्थ १०८ एमएम आणि हाइट ऑटो एवढंच लिहायचं. रुंदी ऑटो करू नका, नाहीतर ओळ मोडायचं कारणच उरत नाही आणि अख्खा परिच्छेद एका लांबलचक ओळीत येतो. १०८ अशासाठी की पीएनजी चित्र काढताना पीपीआय (एका इंचातले पिक्सेल) २५४ दिला की १ मिमीचे बरोबर १० पिक्सेल होतात, म्हणजे रुंदी १०८०. काहीच दिलं नाही तर १४४ धरला जातो आणि रुंदी ६१२ पिक्सेलवर येते. फोनवर अक्षरं पुसट दिसतात.

हाइट ऑटो असताना पान आपणहून तुटत नाही. प्रत्येक कवितेनंतर पेजब्रेक (पान तोडायची आज्ञा) तुम्हीच घालायचा. कवीचं नाव तळाला ढकलायला कोणी १ एफआरची उभी जागा ठेवली असेल, तर ती काढा. एफआर म्हणजे उरलेल्या उंचीचा वाटा, आणि इथे उरलेलं काही नसतंच, त्यामुळे नाव कवितेला चिकटतं. तिथे सरळ ८ एमएम द्या.

खरी मेख मात्र समासात आहे. टाइपस्ट ओळीची उंची मोजतो ती रोमन कॅपिटल अक्षराच्या माथ्यापासून बेसलाइनपर्यंत, म्हणजे अक्षरं टेकतात त्या रेषेपर्यंत. आपली वेलांटी आणि रफार त्याच्या वर जातात, उकार आणि ‘ट्ट’, ‘द्ध’सारखी जोडाक्षरं खाली उतरतात. समास शून्य ठेवलात तर पहिल्या ओळीची वेलांटी आणि शेवटच्या ओळीतला ‘तू’चा ऊकार पानाबाहेर कापला जातो. समास दिलाच नाही तर तो रुंदीच्या २.५/२१ पट, म्हणजे इथे जवळपास १२.९ मिमी, घेतला जातो. तेवढ्यात काही कापलं जात नाही. तंग चौकट हवीच असेल तर ‘सेट टेक्स्ट’मध्ये टॉप-एजला (वरची कड) असेंडर आणि बॉटम-एजला (खालची कड) डिसेंडर द्या, म्हणजे फॉन्टाची वरची आणि खालची हद्द धरली जाते. पण मग ओळींमधलं अंतर सुटं पडतं, कारण लीडिंग (ओळींमधली जागा) एका ओळीच्या खालच्या कडेपासून पुढच्या ओळीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं जातं. मूळचं ०.६५ एम (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) आहे, ते ०.३ च्या आसपास आणून पाहा. फॉन्टाप्रमाणे ते बदलेल.

आणि ‘सेट टेक्स्ट’मध्ये लँग ‘एमआर’, म्हणजे भाषा मराठी, विसरू नका. फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श असतील तर त्यानेच येतात.

प्रेषक: जुना लाटेकवाला

लाटेक या जुन्या मांडणी प्रणालीतही होतं, फक्त वाट उलटी आहे. लाटेकच्या मुळाशी असलेला टेक आधी पानाची उंची धरतो आणि मग मजकूर कुठे तोडायचा ते ठरवतो. म्हणून सगळा मजकूर आधी एका डब्यात भरायचा, डब्याची उंची अधिक खोली (बेसलाइनखालचा भाग) मोजायची आणि तेवढा कागद करायचा. स्टँडअलोन हा डॉक्युमेंट क्लास (लाटेकचा तयार साचा) हेच करतो: व्हॅरविड्थ ९२ एमएम, बॉर्डर ८ एमएम, की रुंदी जास्तीत जास्त १०८. अख्खा मजकूर एकच डबा असल्यामुळे आतला न्यूपेज चालत नाही. या पद्धतीने कवितेगणिक वेगळी फाइल लागते. लुआलाटेक (लाटेकचाच एक प्रकार) वापरत असाल तर फॉन्टाला रेंडरर हार्फबझ (अक्षरं जुळवणारा भाग) द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटू शकतात. चाळीस कवितांसाठी मी टाइपस्टच घेईन.

इनडिझाइनवाल्यांनी फसू नये. तिथे ऑटो-साइझने टेक्स्ट फ्रेम वाढते, पान वाढत नाही.

प्रेषक: अंक समिती

दोघांचे आभार. दोन शंका: कोड्याचं पान दोन कॉलमांत आहे, ते सगळं डाव्याच कॉलमात गेलं. आणि कवितेभोवती चौकट कशी काढायची?

प्रेषक: वेब समिती

ताई, कॉलम पानाची उंची भरेपर्यंत वाहतो. इथे उंचीला अंतच नाही, म्हणून उजव्या कॉलमाची पाळी येत नाही. जिथे तोडायचं तिथे कोलब्रेक घाला. दोन्ही बाजू आपोआप समान होत नाहीत.

चौकट मजकुरात नको, ‘सेट पेज’च्या बॅकग्राउंडमध्ये टाका: रेक्ट (चौकोन), रुंदी-उंची दोन्ही १०० टक्के. बॅकग्राउंड पानाची उंची ठरल्यावर बसतं, म्हणून तिथे टक्के चालतात. रेघ पानाच्या अगदी कडेवर येऊन अर्धी कापली जाते, तेव्हा रेक्टभोवती ३ एमएमचं पॅड (मोकळी जागा) द्या.

लांब लेखाला मात्र दोन-तीन ठिकाणी उपशीर्षकाशी पेजब्रेक घालाच. ॲक्रोबॅटमध्ये नेहमीच्या पीडीएफ पानाची मर्यादा २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर आहे, आणि त्याच्या बऱ्याच आधी फोनवर वाचणारा कंटाळतो. ही पीडीएफ छपाईला पाठवू नका. ‘फिट टू पेज’मध्ये लांब पान आक्रसून मुंगीच्या अक्षरांचं होतं. छापील आवृत्तीसाठी त्याच फाइलमध्ये इनपुट (पीडीएफ काढताना दिलेली सूचना) तपासून माप २१५.९ बाय २७९.४ एमएम करता येतं, मजकुराची दुसरी प्रत लागत नाही.